वीस डॉलरच्या नोटेवरची घोडाचोर

गेल्या ईदला आमच्याकडे सिडनीहून एक नातेवाईक आले होते. त्यांनी घरातल्या मुलांना ईदी म्हणून ऑस्ट्रेलियाची वीस डॉलरची एकेक नोट दिली. नोट प्लॅस्टिकची, लालसर रंगाची. मुलांनी ती आधी चुरगाळून पाहिली, मग गुपचूप बेसिनखाली धरून पाहिली. नोट जशीच्या तशी. मग कुठे त्यांचं लक्ष त्यावरच्या चित्राकडे गेलं. डोक्यावर झालरीची टोपी, डोळ्यांवर बारीक काड्यांचा चष्मा, गोल चेहऱ्याची एक वयस्क बाई.

"ही तिथली राणी का?" आमच्या धाकटीने विचारलं.

पाहुणे हसून म्हणाले, "नाही गं. ही चोर होती. घोडा चोरला म्हणून सरकारने तिला इंग्लंडातून हाकलली होती."

दादीने हातातली शीरखुर्म्याची वाटी खाली ठेवली. "तौबा! चोराचं चित्र नोटेवर?"

ईदच्या गडबडीत विषय तिथेच राहिला. आमच्या डोक्यातून मात्र तो जाईना. पुढचे काही आठवडे मिळेल ते वाचत गेलो, आणि जे हाती लागलं ते वाचकांसमोर ठेवावं असं वाटलं.

बाईचं नाव मेरी रायबी. जन्म १२ मे १७७७, इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यातल्या बरी या गावी. माहेरचं नाव मेरी हेडॉक, घरात मॉली म्हणत. आईबाप लहानपणीच गेले, आजीने वाढवलं. तेरा-चौदा वर्षांची असताना ही पोर मुलाच्या कपड्यांत, 'जेम्स बरो' असं खोटं नाव सांगत असताना घोडाचोरीच्या आरोपाखाली पकडली गेली. स्टॅफर्डच्या न्यायालयात खटला चालला तेव्हा कुठे कळलं की हा मुलगा नसून मुलगी आहे. सात वर्षांची शिक्षा झाली. तीही इंग्लंडात भोगायची नव्हती, समुद्रापलीकडे, ऑस्ट्रेलियात.

आपल्याकडे काळं पाणी म्हटलं की अंदमान आठवतं. पण अंदमानची वसाहत १८५८ सालची, सत्तावनच्या उठावानंतरची. त्याच्या कितीतरी आधी इंग्रजांनी हा धडा स्वतःच्याच गरिबांवर गिरवला होता. (आणि आपल्या लोकांवरही. मुंबई इलाख्यातले कैदी मॉरिशस आणि सिंगापूरला धाडले जात, हे आज फारसं कुणाला आठवत नाही.) त्या काळच्या इंग्लंडात दोनशेहून अधिक गुन्ह्यांना फाशीची तरतूद होती. घोडाचोरी त्यातलीच एक. दुकानातून कापड उचललं, खिसा कापला, मेंढी पळवली, या सगळ्यांना कायद्याच्या पुस्तकात मरणच लिहिलेलं. सगळ्यांना काही लटकवत नसत, पुष्कळांची शिक्षा कमी करून त्यांना हद्दपार करत. पूर्वी असे लोक अमेरिकेत पाठवले जात. अमेरिका स्वतंत्र झाली आणि तो रस्ता बंद पडला. तुरुंग ओसंडून वाहू लागले, टेम्स नदीत आणि बंदरांत जुनी कुजकी जहाजं नांगरून त्यांत माणसं कोंबली जाऊ लागली. तेव्हा सरकारला पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाची आठवण झाली.

जानेवारी १७८८ मध्ये ११ जहाजांचा पहिला ताफा तिथे पोचला. १८६८ साली शेवटचं जहाज पश्चिम ऑस्ट्रेलियात लागलं. या ८० वर्षांत सुमारे १,६२,००० माणसं अशी नेली गेली, त्यांत स्त्रिया सुमारे २५,०००. १७९० च्या दुसऱ्या ताफ्याची हकिकत वाचवत नाही. ठेकेदारांना पैसे मिळत ते जहाजावर चढवलेल्या माणसांमागे, जिवंत उतरवलेल्या माणसांमागे नाही. त्यामुळे अन्नात हात मारणं फायद्याचं ठरलं. जवळजवळ एक चतुर्थांश कैदी वाटेतच मेले.

मॉली त्या मानाने नशीबवान. तिचं जहाज 'रॉयल ॲडमिरल' हे ईस्ट इंडिया कंपनीचं, बऱ्यापैकी शिस्तीचं. मे १७९२ अखेर निघून ते ७ ऑक्टोबरला सिडनीला लागलं. दुसऱ्याच दिवशी, जहाजावरूनच, पंधरा वर्षांच्या या मुलीने इंग्लंडला पत्र लिहिलं. ते पत्र आजही सिडनीच्या राज्य ग्रंथालयात जपून ठेवलेलं आहे. पत्र आहे पेनेलपी होप या बाईंना. इंग्रजीत खाला, फुफी, चाची, मामी सगळ्यांना एकच शब्द, तेव्हा आपण नुसतं 'बाई' म्हणू.

मुलगी लिहिते की लोक सांगत होते तुला इथे जन्मभर राहायचंय. मग गव्हर्नरकडून कळलं की सातच वर्षं आहेत. तेवढ्यानेही जीव खालीवर होतोय, पण दोन-तीन वर्षांत इथून निघायची प्रत्येक संधी मी डोळ्यांत तेल घालून पाहीन. या दुर्दैवी अवस्थेत जमेल तेवढी सुखात राहायचा प्रयत्न करीन. पत्रात गोंधळ आहे, शुद्धलेखनाचा पत्ता नाही. पण रडगाणंही फारसं नाही. घराबाहेर पहिली रात्र काढताना आपल्या पंधरा वर्षांच्या मुली काय लिहितील, याचा विचार करत आम्ही ते पत्र दोनदा वाचलं.

तिला एका लष्करी अधिकाऱ्याच्या घरी मुलं सांभाळायचं काम मिळालं. इथे थोडं थांबून सांगायला हवं की ऑस्ट्रेलियातले कैदी बहुतेक वेळ कोठडीत नसतच. कोठडी बांधायची कशाला, चहूकडे समुद्र आणि रान. सरकार कैद्यांना रस्ते, पूल, गोद्या बांधायला लावी, नाहीतर अधिकाऱ्यांच्या आणि शेतमालकांच्या हाताखाली देई. मालक चांगला निघाला तर पोटभर जेवण, वाईट निघाला तर तक्रार करायची तरी कुणाकडे? उलट उत्तर दिलं, काम टाळलं, दारू प्याला, की फटके. नऊ दोऱ्यांचा चाबूक, पंचवीस, पन्नास, शंभर. वागणूक बरी असली तर काही वर्षांनी 'सुट्टीची चिठ्ठी' मिळे, म्हणजे शिक्षा संपेपर्यंत स्वतःचं काम शोधून कमवायची मुभा. पुन्हा गुन्हा केला तर नॉरफोक बेटासारख्या ठिकाणी, जिथून परत आलेल्यांनी तिथल्या गोष्टी सांगणंच टाळलं. बायकांचं आणखी वेगळं. पुरुष कितीतरी जास्त, बायका मोजक्या, आणि त्यांच्यावर नजर ठेवणारे कमी, नजर टाकणारे जास्त. पुढे पॅरामाटाला बायकांसाठी 'फॅक्टरी' बांधली गेली, जिथे कैदी बायका लोकर कातत आणि पुरुष येऊन त्यांतून बायको पसंत करून नेत. मॉलीच्या बाबतीत घरकामाचं ठिकाण मिळणं हीच मोठी गोष्ट होती.

७ सप्टेंबर १७९४ रोजी, सतरा वर्षांची असताना, तिचं लग्न झालं. नवरा थॉमस रायबी, आयरिश तरुण, 'ब्रिटानिया' जहाजावरचा कनिष्ठ अधिकारी. तो कैदी नव्हता. त्याने कैदी मुलीशी लग्न केलं आणि समुद्र सोडून तिथेच राहिला. पत्रातल्या त्या मुलीला दोन-तीन वर्षांत निघायचं होतं. ती दोन वर्षं संपता संपता तिचा संसार तिथेच थाटला गेला.

त्यांना हॉक्सबरी नदीकाठी जमीन मिळाली. 'मिळाली' हा शब्द आम्ही जपून लिहितो. त्या नदीला तिथले मूळ रहिवासी डारुग लोक डेराबिन म्हणत. तिच्या गाळाच्या काठांवर ते कंद खणत आले होते. गोऱ्यांनी ते काठ नांगरून मका-गहू पेरला, आणि मग पुढची वीस वर्षं त्या खोऱ्यात दोन्ही बाजूंनी रक्त सांडत राहिलं. त्याआधी १७८९ सालीच देवीच्या साथीने सिडनीभोवतालचे मूळ लोक मोठ्या संख्येने मेले होते. स्वतःच्या देशातून हाकललेली माणसं दुसऱ्यांना त्यांच्या जमिनीवरून हाकलायच्या कामी आली. मेरी रायबीची गोष्ट सांगणारे पुष्कळ जण हा भाग गाळतात. आम्हाला तो गाळता आला नाही.

थॉमसला शेतीपेक्षा होडीची जाण जास्त. हॉक्सबरीचं धान्य सिडनीला, हंटर नदीकडचा कोळसा इकडे, असा व्यापार सुरू झाला. १८०३ पर्यंत त्यांच्या तीन छोट्या बोटी होत्या. नंतर एडवर्ड विल्स हा भागीदार मिळाला, आणि १८०९ पासून त्यांची जहाजं चीन आणि हिंदुस्थानकडे जाऊ लागली.

इथे गोष्ट आपल्या दारात येते. त्या काळचं सिडनी बऱ्याच अंशी कलकत्त्याच्या मालावर जगत होतं. तांदूळ, साखर, कापड आणि रम ही दारू, सगळं बंगालहून. दारू तर चलनच झालं होतं, मजुराला मजुरीसुद्धा दारूत देत. नाणी नव्हती, सांगावं कुणाला! १७९७ मध्ये कलकत्त्याहून निघालेलं 'सिडनी कोव्ह' नावाचं जहाज टास्मानियाजवळच्या एका बेटावर फुटलं. मदत आणायला १७ जण होडीतून निघाले, त्यांत १२ आपल्याकडचे खलाशी, ज्यांना तेव्हा लश्कर म्हणत. होडीही फुटली. मग ते समुद्रकाठाने शेकडो मैल चालत सुटले. सिडनीजवळ पोचले ते तिघे, त्यांत एक लश्कर होता. उरलेल्यांची हाडं त्या किनाऱ्यावर कुठेतरी आहेत. आम्ही हे वाचलं तेव्हा मेरी रायबी बाजूलाच राहिली आणि बराच वेळ त्या एका खलाशाचाच विचार मनात घोळत राहिला.

रायबी जोडप्याने सिडनीत बांधलेल्या घराचं नाव ठेवलं 'एंटाली हाऊस'. एंटाली ही कलकत्त्यातली वस्ती! थोरल्या मुलाने पुढे टास्मानियात घर बांधलं त्यालाही तेच नाव. ते घर आजही उभं आहे, लोक तिकीट काढून बघायला जातात.

५ एप्रिल १८११ रोजी थॉमस वारला. महिनाभरात भागीदार विल्सही गेला. मेरी तेव्हा ३३ वर्षांची, पदरी सात मुलं, तीन मुलगे आणि चार मुली, थोरला जेमतेम मिसरूड फुटायच्या वयाचा. इंग्रजी कायद्यात तेव्हा लग्न झालेल्या बाईच्या नावावर काहीच राहत नसे, सगळं नवऱ्याचं. विधवा झाली तरच ती स्वतःच्या नावाने सही करू शके. म्हणजे मेरी रायबी 'व्यापारी' म्हणून कागदावर आली ती नवरा गेल्यावर. त्याआधी थॉमस सफरीवर असताना दुकान आणि हिशेब कोण बघत असेल, हे मात्र सांगायला कागद लागत नाही.

पुढच्याच वर्षी तिने जॉर्ज स्ट्रीटवर नवी वखार उघडली. आणखी जहाजं घेतली. १८१६ मध्ये सगळं विकून इंग्लंडला परत जायचा विचार केला, तेव्हा तिची मालमत्ता वीस हजार पौंडांची मानली जात होती. विकलं नाही. १८१७ मध्ये 'बँक ऑफ न्यू साउथ वेल्स' ही ऑस्ट्रेलियाची पहिली बँक उघडली ती तिच्याच मॅक्वारी प्लेसवरच्या घरात, भाड्याने. आजची वेस्टपॅक बँक ती हीच.

बाई मऊ स्वभावाची होती असा कुणाचा समज होऊ नये. त्याच १८१७ सालच्या मे महिन्यात एका कर्जदाराला मारल्याबद्दल न्यायालयाने तिला दोषी ठरवलं. हे आम्ही दादीला सांगितलं तेव्हा त्या पहिल्यांदा हसल्या. "सात पोरांची बेवा. उधारी बुडवायला निघाला असेल मेला!" त्या दिवसापासून दादी मेरीच्या बाजूने झाल्या.

मेरीला वर येऊ देणारा गव्हर्नर लॅकलन मॅक्वारी. हा माणूस आपल्या मुंबईला चांगला ओळखून होता. १७८८ मध्ये तो पलटणीसोबत मुंबईत आला, अनेक वर्षं तिथे नोकरी केली. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टणला टिपू सुलतानाविरुद्ध लढलेल्या फौजेत तो होता. त्याची पहिली बायको जेन जार्विस मकावला वारली, तिचं दफन मात्र त्याने मुंबईत आणून केलं. कोचीनच्या गुलामांच्या बाजारात त्याने १७९५ मध्ये एक मुलगा विकत घेतला होता. त्याचं नाव ठेवलं जॉर्ज जार्विस. तोही पुढे त्याच्याबरोबर सिडनीला गेला, आणि मॅक्वारीच्या मरणापर्यंत सोबत राहिला.

१८१० मध्ये सूत्रं हाती घेतल्यावर मॅक्वारीने ठरवलं की ज्याची शिक्षा भोगून झाली आणि जो नीट वागतो, त्याला पूर्वीचं काही विचारायचं नाही. त्याने अशा माणसांना आपल्या पंगतीला बसवलं. बनावट कागद केल्याबद्दल आलेला फ्रान्सिस ग्रीनवे सरकारी वास्तुविशारद झाला (गंमत म्हणजे पुढे यालाही ऑस्ट्रेलियाने दहा डॉलरच्या नोटेवर बसवलं, बनावट कागद करणाऱ्याला!). नौदलातल्या बंडात सापडलेला विल्यम रेडफर्न नामांकित डॉक्टर झाला. सिमियन लॉर्ड हा जुना कैदी चक्क मॅजिस्ट्रेट. जे स्वखुशीने आले होते, त्या प्रतिष्ठितांचा तिळपापड झाला. शिक्षा भोगली म्हणून काय झालं, चोर तो चोरच, त्याच्या शेजारी आमच्या बायका बसायच्या का? लंडनपर्यंत तक्रारी गेल्या, चौकशीसाठी जॉन बिग नावाचा आयुक्त आला, त्याने मॅक्वारीच्या धोरणावर ताशेरे ओढले. पण याच मॅक्वारीने १८१६ मध्ये मूळ रहिवाशांविरुद्ध सैनिक पाठवले, आणि ॲपिनजवळ रात्रीच्या अंधारात निदान १४ माणसं मारली गेली, बायका आणि मुलंही. एकाच माणसाच्या पंगतीला कैदी बसले आणि त्याच्याच हुकमावर ही माणसं मेली. इतिहासात माणसं अशीच भेटतात, तुकड्यांनी आवडणारी.

१८२० मध्ये मेरी सीलिया आणि एलायझा या दोन मुलींना घेऊन इंग्लंडला गेली. पंधरा वर्षांची असताना लिहिलेल्या पत्रातली ती परत जायची संधी तिला २८ वर्षांनी मिळाली, तीही स्वतःच्या पैशाने तिकीट काढून. या प्रवासाची तिची रोजनिशी उपलब्ध आहे. ब्लॅकबर्न गावातल्या डार्वेन स्ट्रीटच्या टोकाशी आल्यावर मनात काय झालं ते लिहिता येत नाही, असं ती लिहिते. मग आजीच्या घरी जाते. घर जवळजवळ तसंच. तेच सामान, पुष्कळसं त्याच जागी ठेवलेलं. पण ओळखीचं एकही माणूस नाही, आणि तिला ओळखणारंही कुणी नाही.

आमच्यापैकी ज्यांनी गाव सोडून मुंबई-पुणे गाठलं, किंवा पोटासाठी आखातात पंचवीस-तीस वर्षं काढली, त्यांना हे वाक्य समजावून सांगायची गरज नाही. कपाट तिथेच असतं. उंबरा तिथेच असतो.

नातेवाइकांनी तिचं चांगलं स्वागत केलं. राहायला जागा होती, पैसा होता. ती राहिली नाही. पुढच्याच वर्षी, १८२१ मध्ये, 'मरीनर' जहाजाने मुलींसह सिडनीला परतली. १८२५ मध्ये तिथल्या फ्री ग्रामर स्कूलच्या कारभाऱ्यांत तिची नेमणूक झाली. घोडाचोर पोर आता मुलांच्या शिक्षणाचा कारभार पाहू लागली. हळूहळू व्यापार आवरला, शहरात इमारती बांधल्या, भाड्यावर आणि गुंतवणुकीवर राहिली. ३० मे १८५५ रोजी सिडनीच्या न्यूटाउन भागात वारली. तिचा नातू, त्याचंही नाव थॉमस, १८७६ मध्ये टास्मानियाचा पंतप्रधान झाला.

एवढं सगळं दादींना सांगून झाल्यावर आम्ही मुद्दाम शेवटी ठेवलेली गोष्ट सांगितली. १८२८ मध्ये न्यू साउथ वेल्समध्ये शिरगणती झाली. प्रत्येक माणसाची नोंद करायची: मुक्त म्हणून आला, कैदी म्हणून आला, की इथेच जन्मला? कुठल्या जहाजाने, कुठल्या साली? वसाहतीत हा रकाना म्हणजे माणसाची जातच. त्यावर मुलींची स्थळं ठरत, कोण कुणाच्या घरी चहाला जाणार ते ठरे. आपल्याकडेही एकदा पोलिसांच्या वहीत नाव चढलं, मग ते खरं असो, खोटं असो, की नुसत्या संशयावरचं असो, त्या घराच्या मुलींची स्थळं कशी मागे फिरतात ते वाचकांनी पाहिलेलं आहे. निर्दोष सुटलेल्यालाही भाड्याने खोली मिळत नाही. शिक्षा भोगून आलेल्याचं तर विचारूच नका. मेरीच्या घरी तेव्हा जावई होते, नातवंडं होत होती.

तिने लिहून दिलं: मुक्त म्हणून आले, १८२१ साली.

धाकटी ऐकत होती. "म्हणजे खोटं बोलली ना ती?"

दादींनी नोट हातात घेतली, चष्मा सारखा केला आणि त्या चष्मेवाल्या बाईकडे बराच वेळ पाहिलं. "खोटं कुठलं? दुसऱ्यांदा आली तेव्हा मुक्तच होती की."

आणि नोट स्वतःच्या बटव्यात घातली. धाकटीने अजून ती परत मागितलेली नाही.